गुरुवारी काढलेला रस

माझा मेहुणा आमच्या घरी राहायला आला त्या संध्याकाळपासून मी त्याचं तोंड हुंगत आलो. एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला बरीच वर्षं लागली. आता उतरलंच आहे, तर पुढचंही लिहून टाकतो.

आम्ही ख्रिस्ती माणसं भेटलो की सलाम म्हणतो आणि हातात हात घेतो. तो खापरखेड्याच्या पावर हाऊसवरून बसने यायचा, कानांच्या पाळ्यांपर्यंत कोळशाच्या भुकटीने काळा. मी दारातच उभा असायचो. "सलाम, भाऊजी," म्हणून त्याने हात पुढे केला की मी तो सोडायचो नाही. जरा जवळ ओढून दोन शब्द जास्त बोलायचो. बस वेळेवर होती का, ऊन फार होतं का. उत्तराची मला गरज नसायची, त्याने तोंड उघडायला हवं असायचं. कधी लवंगेचा वास आला की मी तो हात आणखी घट्ट धरायचो. साध्या माणसाला लवंग कशाला लागते?

तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. पावर हाऊसच्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये असताना पिऊन पिऊन त्याने संसाराची वाट लावली होती. त्याची बायको दोन पोरांना घेऊन, एक बोट धरणारं आणि एक मांडीवरचं, छिंदवाड्याकडे माहेरी निघून गेली. तिचे वडील तिकडच्या चर्चच्या मंडळीत मानाचे. त्यांनी निरोप धाडला की जावई दारू सोडून प्रभुभोजनाला बसतो असं तुमचे पाळक स्वतः सांगतील तेव्हा मुलगी पाठवू, त्याआधी नाही. मग बायकोने माझ्याकडे शब्द टाकला आणि मी त्याला घरात घेतलं. आयुष्यात मी केलेल्या चांगल्या कामांपैकी हे एक, आणि तेही पहारेकऱ्यासारखं केलं.

हिवाळ्यात त्याने मंडळीपुढे उभं राहून दारू सोडल्याचं सांगितलं. ईस्टरला पाळकसाहेबांनी त्याला भोजनाला घेतलं. उन्हाळा असाच नीट गेला की ते छिंदवाड्याला कळवणार होते. घरात सगळ्यांचे डोळे तिकडे लागलेले. माझे डोळे त्याच्याकडे.

दिवेलागणीला आमच्याकडे कौटुंबिक प्रार्थना व्हायची. प्रत्येकाने शास्त्राचा थोडा भाग मोठ्याने वाचायचा हा नियम माझ्या आईच्या वेळेपासूनचा. तो आल्यापासून मी त्याच्या वाट्याला मुद्दाम वंशावळीचे अध्याय द्यायला लागलो. ती जुनी, जीभ वळवायला लावणारी नावं. शुद्धीवरचा माणूसही तिथे अडखळतो, पण अडखळण्याची जात आपल्याला ओळखता येते असं मला वाटायचं.

एकदा अध्याय संपवून तो म्हणाला, "भाऊजी, मले नेहमी ह्याच लोकायचे बापजादे काहून येतेत? एखादा चमत्कार माह्या वाट्याले बी येऊ द्या ना."

बायको हसली. "चमत्कार तुह्या वाट्याले आला म्हणून त इथं बसून वाचून राहिला गा तू."

मी हसलो नाही. 'बापजादे' म्हणताना त्याची जीभ जड झाली होती का, याचा विचार करत होतो.

हे सगळं मी भक्तीच्या नावाने करत होतो. माझा बाप पिऊन मेला. कामठी रोडवरून त्याला हातगाडीवर घालून आणलं होतं. मोहाच्या दारूचा वास मला त्याच्या तोंडातून कळला, आणि तेव्हाच मी ठरवलं की आपलं आयुष्य दोरीने बांधलेलं असेल. पहाटे उठून प्रार्थना, शुक्रवारी उपास, घंटा व्हायच्या आधी प्रार्थनामंदिरात. नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. पेटीवर लिहिलेलं आणि पेटीत असलेलं एकच असतं असं मानणारा माणूस त्या कामात टिकत नाही. मी टिकलो. पाळकसाहेब उपदेशात कृपेवर बोलायचे, की ती कमवायची नसते, नुसती घ्यायची असते. मी मान हलवायचो, आणि मनात म्हणायचो, पाठवणाऱ्याची सही नसलेलं पार्सल आपण घेत नाही.

आता रसाचं सांगतो. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि काचेच्या बोटभर पेल्यातून द्राक्षारस. दारू आम्हाला वर्ज्य, म्हणून हा रस घरी करतात. काळे मनुके भिजवायचे, उकळायचे, हाताने कुस्करायचे आणि फडक्यातून गाळायचे. आधी एक म्हातारी विधवा बाई हे करायची. तिचे हात थरथरायला लागले तसं त्याच हिवाळ्यात मी ते काम मागून घेतलं. खरं सांगायचं तर तिच्या स्वयंपाकघरात कशात काय मिसळतं याची मला खात्री नव्हती. काम सोपवताना ती म्हणाली होती, "शनिवारी सांजच्याले करत जाजो, बाबू. आधी करून नको ठेवू."

मला तो तिचा आळस वाटला. शुक्रवारी माझा उपास, शनिवारी संध्याकाळी भोजनाच्या पूर्वतयारीची सभा. पवित्र काम असं घाईघाईत उरकायचं? मी गुरुवारीच रस काढून दोन बाटल्यांत भरायचो, बुचं घट्ट लावायचो आणि कपाटात ठेवून द्यायचो. थंडीत काही बिघडलं नाही.

मग मे महिना आला. त्या दिवसांत आमच्या घरातल्या कपाटाच्या दाराला हात लावला तरी चटका बसायचा.

मी मंडळीचा पंच, म्हणून त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पेल्यांचं तबक बाकांवरून मीच फिरवलं. स्वतःचा पेला घेतला तेव्हा रस आंबूस लागला, जिभेला जरा चिमटा घेणारा. मनुके आंबट निघाले, एवढंच मनात आलं. यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, पण दारू मी जन्मात चाखली नव्हती. तिचा वास मला ठाऊक होता तो माणसाच्या तोंडातला, घामात आणि ओकारीत मिसळलेला. बाटलीत ती कशी असते हे मला कोणी दाखवलंच नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते तरी कसे बोलणार? बोलायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं की ही चव आपल्या ओळखीची आहे.

उपासनेनंतर बाहेर चिंचेच्या सावलीत मंडळीतले एक रिटायर्ड गार्ड माझ्याजवळ आले.

"या खेपेचे मनुके कुठले?"

"इतवारीतले."

"तिथूनच आणत जा," ते म्हणाले, आणि छत्री उघडून चालायला लागले. म्हातारा खुशामत करतो आहे, याला काहीतरी हवं असणार, असं मी धरून चाललो.

पेले धुण्याचं काम मी मेहुण्याला लावून दिलं होतं. दिसायला तो मान होता. आतला हेतू हा, की उपासनेनंतरही तो माझ्या नजरेखाली राहावा. उरलेला रस गटारात ओतायचा नाही, कोणीतरी पिऊन संपवायचा, अशी आमच्याकडची जुनी रीत. पहिली बाटली अर्धीअधिक उरली होती, ती त्याच्यापाशी राहिली. दुसरी मी न उघडताच पिशवीत घालून घरी आणली.

दुपारी जेवायला बसलो. "वरण वाढ वं, ताई," तो म्हणाला, आणि वास आला. माझा बाप उठून पंगतीला येऊन बसावा तसा. मी घास हातात धरून राहिलो. तो खाली मान घालून जेवत होता, नेहमीपेक्षा कमी. संध्याकाळी चपला घालून सक्करदऱ्याच्या तलावाकडे गेला आणि प्रार्थनेच्या वेळेला परत आला. मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं की माणूस खोटं बोलायला मोकळा होतो, हे माझं ऑफिसातलं शहाणपण.

बुधवारी मी पाळकसाहेबांकडे गेलो. ते नगरकडचे, मऊ बोलणारे.

"त्याला विचारलंत?"

"वास आला, साहेब."

"ते कळलं. विचारलंत का?"

"माझ्या बापाचा वास मी ओळखणार नाही?"

पुढे पंचांपुढे त्याला बोलावलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "पोटात गेली हे खरं हाय, साहेब." कुठे प्यायलास, असं एका पंचाने विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला ती शरम वाटली. ठरलं असं की जूनच्या भोजनाआधी शनिवारच्या सभेत जाहीर करायचं आणि पावसाळा संपेपर्यंत त्याला शिस्तीखाली ठेवायचं. शिस्तीखाली म्हणजे उपासनेला यायचं, पण भोजनाला हात लावायचा नाही. छिंदवाड्याचं मग आपोआपच पुढे ढकललं गेलं.

त्या शनिवारच्या आधीचा गुरुवार. मेहुणा कामावर होता, बायको शेजारी पापड लाटायला गेली होती. नव्या रसासाठी बाटली धुवावी म्हणून मी कपाटातली ती दुसरी बाटली काढली. बूच पिळलं तर ते हातातून उडून मोरीत पडलं. पाठोपाठ फेस आला, आणि मग वास. जिभेवर थेंबभर घेतलं. रविवारचीच चव होती, फक्त मोठी झालेली. उन्हाने रस आंबवला होता. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, नुकतंच दृढीकरण होऊन भोजनाला बसू लागलेल्या पोरींना, सगळ्या मंडळीला मी माझ्या हाताने दारू वाढली होती. आणि ज्याने ती सोडली होती त्याच्या हातात अर्धी बाटली देऊन आलो होतो.

अजून वेळ होता. पाळकसाहेबांचा बंगला सायकलने फार लांब नाही. मी सायकल अंगणात काढलीही. मग तिथे उभ्या उभ्या माझ्या मनाने वाट शोधून दिली. मला चव ठाऊक नव्हती, त्याला होती. पहिल्या घोटाला त्याला कळलं असणार. मग तो थांबला का नाही? म्हणजे वास खरा आणि पिणंही खरं. मी खोटं काय सांगितलं? सायकल आत घेतली. बाटली शेवग्याच्या बुंध्याशी ओतली, वर पायाने माती लोटली. त्या महिन्याचा रस मी शनिवारी काढला, सभेला निघायच्या जरा आधी. कोणाला काही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

सभेत जाहीर झालं तेव्हा बायकोने पदर तोंडाशी धरला. तो ताठ बसून समोरच्या भिंतीकडे बघत होता.

पाऊस सुरू झाला. दर भोजनाला तो शेवटच्या बाकावर बसायचा. मी तबक घेऊन तिथवर जायचो आणि त्याच्या अलीकडून वळायचो. मग पुढे येऊन स्वतःचा पेला घ्यायचो. मनात ठाऊक असूनही घ्यायचो. उपासना संपली की तो मागच्या नळावर येऊन पेले धुवायचा. त्याने पाळकसाहेबांना विचारलं होतं, धुवायले त हरकत नाही ना? त्यांनी हरकत नाही म्हटलं होतं.

मध्येच कधीतरी छिंदवाड्याहून आलेल्या एका बाईने सांगितलं की त्याचं मांडीवरचं पोरगं चालायला लागलं. त्या संध्याकाळी प्रार्थनेआधी तो बहिणीला म्हणाला, "कसं चालते, सांगितलं का वं तिनं? बापासारखं झोकांड्या खात चालत असन."

ती हसली आणि मग उठून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी बसून राहिलो. माझ्या मनात काय आलं तेही लिहितो. असं आलं की थट्टा सुचते आहे, म्हणजे याला अजून पस्तावा नाही.

हुंगणं मी सोडलं नव्हतं, उलट वाढवलं होतं. एका शनिवारी तो तलावाकडे निघाला तर त्याच्या मागे गेलो. तो तलावाच्या बांधावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होता. मला बघून सरकला, जागा केली आणि मूठभर शेंगा पुढे धरल्या. मी शेंगा घेतल्या, त्याचे हातही बघून घेतले. त्या सबंध पावसाळ्यात त्याच्या तोंडाला एकदा तरी वास यावा असं मला वाटत होतं. देवाजवळ मी ते मागितलं नाही, पण रोज दारात त्याचीच वाट बघायचो. एकदा जरी आला असता तरी माझं सुटलं असतं.

आला नाही.

पावसाळा संपल्यावर पाळकसाहेबांनी त्याचं नाव घेऊन त्याला परत भोजनाला घेतलं. मी तबक घेऊन शेवटच्या बाकाशी गेलो. त्याने पेला उचलला, क्षणभर नाकाखाली धरला आणि मग प्यायला.

नंतर नळावर आम्ही दोघंच होतो. तो धूत होता, मी फडकं घेऊन उभा.

"बरा झाला रस, भाऊजी. शनिवारचा हाय."

मी फडकं झटकलं.

"जूनपासून तुमी शनिवारीच करून राहिले," पेला उपडा घालत तो म्हणाला. "आधी गुरुवारी करत होते."

"तुला कळलं होतं."

"पहिल्याच घोटाले. मोहाची पिलो, संत्र्याची पिलो, मनुक्यायची तेवढी राहिली होती. ते बी देवाच्या घरी भेटली."

"मग पंचांपुढे सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? भाऊजीनं साऱ्या मंडळीले पाजली म्हणून?" त्याने दुसरा पेला घेतला. हात थांबला नाही. "अन् खोटं कुठं होतं? समजली, तरी बाटली खाली नाही ठेवली मी. तोंडाले लावली त रिकामीच केली. सांजच्याले पाय तलावापाशी जे दुकान हाय तिथपर्यंत गेले होते. दारातून परत आलो. पाय माहेच, पण फिरवले कोणं ते मले अजून नाही समजलं."

पाणी वाहत होतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"शिस्त मले लागतच होती, भाऊजी," तो म्हणाला. "पोराचं चालणं तेवढं गेलं."

"मी..."

"पेले पुसा. फडकं तुमच्यापाशी हाय."

मी पेले पुसले.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांकडे जाऊन मी सगळं सांगितलं. बाटली, शेवगा, अंगणातून परत आत घेतलेली सायकल. शेवटी म्हणालो, "मला शिस्तीखाली ठेवा, साहेब. वर्षभर ठेवा."

"तुम्हाला ते आवडेल," ते म्हणाले. "उपास, नियम, शेवटचा बाक, सगळं तुम्हाला जमतं. म्हणून नाही देत. पुढच्या भोजनाला तबक तो फिरवेल. तुम्ही बसून घ्या." मंडळीला सांगायचं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "त्याचा अपमान झाला आहे. त्यालाच विचारा. छिंदवाड्याला मात्र मी उद्याच निघतो."

मेहुण्याला विचारलं. तो म्हणाला, "नका सांगू. गार्डसाहेब पुन्हा मनुक्यायचा पत्ता विचारत बसतीन." त्याच्या या थट्टेमागे मी इतकी वर्षं लपलो. गार्डसाहेब आता नाहीत. इथे लिहितो आहे हेही त्याला विचारूनच. लिहा, म्हणाला, पण माहे पाय फिरले ते बी लिहा.

पुढच्या भोजनाला मी पहिल्यांदा तबकाशिवाय बाकावर बसलो. हात कुठे ठेवावेत कळेना. तो माझ्यासमोर आला, वाकला. मला काही करायचं नव्हतं, नुसता पेला उचलायचा होता, आणि तेवढंच मला जड गेलं. याच्या मनात काय असेल, हा असा शांत कसा, यात काय आहे, असं सगळं डोक्यात येऊन गेलं. तो वाकून थांबला. मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. मी पेला घेतला.

नाताळाच्या आधी त्याची बायको पोरांना घेऊन आली. धाकटा रिक्षातून उतरताच अंगणभर पळायला लागला. मेहुणा त्याच्याकडे बघत उभा राहिला. त्या पोराला चालताना त्याने पाहिलं नाही, एकदम पळतानाच पाहिलं.

आता तो पोरगा शाळेत जातो. मेहुणा खापरखेड्याला क्वार्टरमध्ये राहतो, रविवारी सगळ्यांना घेऊन येतो. रस अजून मीच करतो, शनिवारी. दारात मी उभा असतोच. "सलाम, भाऊजी," म्हणून तो हात पुढे करतो, आणि मी ओढायच्या आधी स्वतःच जवळ येऊन तोंड उघडतो. "घ्या, हुंगून घ्या." पोरं हसतात, बायको हसते, मीही हसतो.

आणि हुंगतो. लवंगेचा वास येतो. साध्या माणसाला लवंग कशाला, हा प्रश्न अजूनही क्षणभर येतो माझ्या डोळ्यांत. त्याला तो दिसत असावा, कारण तेवढा वेळ तो माझा हात सोडत नाही.